कोरड्या हौदातल्या बाटल्या

उभ्या मराठवाड्यात दारूवर इतका जीव लावलेला आणि तरीही दारूचा एक थेंब घशाखाली न उतरवलेला माणूस एकच होऊन गेला, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. हे विधान कुणी खोडून काढील असं मला वाटत नाही. काढायचंच असेल तर त्याने आधी मामांची वही वाचावी. मामांचं गाव लासूर स्टेशन, घरची शेती. शाळेतली जन्मतारीख मास्तरांनी अंदाजाने टाकलेली. पोलीस अ‍ॅक्शननंतरची दुसरी बाजरी खळ्यावर आली त्या आठवड्यात पोरगं झालं, एवढाच त्यांच्या आईचा दाखला. हे पोरगं पुढे शहरात येऊन रसायनशास्त्र शिकलं आणि चिकलठाण्याच्या एका बिअरच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत लागलं. बिअर म्हणजे काय हे आईला कळायला महिना गेला. कळलं त्या दिवशी तिने मुलाला देवापुढे उभं केलं आणि शब्द घेतला, की नोकरी खुशाल कर, पण घशाखाली काही उतरवायचं नाही. मामांनी तो शब्द तंतोतंत पाळला, म्हणजे घशाच्या वर त्यांनी आयुष्यभर वाटेल ते केलं. घोट तोंडात घ्यायचा, या गालातून त्या गालात फिरवायचा, डोळे मिटून विचार करायचा आणि पितळी पिकदाणीत थुंकून टाकायचा. "मी दारूची चूळ भरतो, जावईबापू," ते मला सांगत, "पिणं हा येगळा विषय हाय." लासूरला यावर कुणाचाही विश्वास नव्हता. त्यातून घरात बाटल्या ठेवायच्या म्हणून मामांनी मद्य बाळगण्याचा सरकारी परवाना काढला होता आणि तो पाकिटात आईच्या फोटोमागे ठेवला होता. पिणाऱ्याला परवाना लागतो हे मी ऐकून होतो, न पिणाऱ्यालाही लागतो हे मामांमुळे कळलं.

चाळिशीत मामांनी बिअर सोडली आणि पुण्याकडच्या डोंगरातल्या एका कारखान्यात गेले. तिथे फेसाची वाइन होत असे. ती कशी होते हे मामा कुणालाही समजावून सांगत. त्याला स्थळकाळाचं बंधन नव्हतं. द्राक्षाची साधी वाइन बाटलीत भरायची, त्यात चिमूटभर साखर आणि खमीर घालायचं आणि सोड्याच्या बाटलीला असतं तसलं पत्र्याचं बूच वर ठोकायचं. खमीर आत बसून साखर खातं आणि वायू सोडतं. वायूला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो वाइनमध्येच मुरतो. बूच काढल्यावर फेस येतो तो त्याचा. साखर संपली की खमीर मरतं आणि त्याचा गाळ बाटलीत खाली बसतो. इतरांच्या मते गोष्ट इथे संपते, मामांच्या मते ती इथे सुरू होत असे. कारण ही बाटली अंधारात, थंडाव्यात, आडवी आणि न हलवता ठेवली तर ते मेलेलं खमीर वर्षानुवर्षं विरघळत राहतं आणि वाइनला दर साली निराळा वास देत जातं. "मेल्यावर कामाला लागतंय असं दुसरं काही असंल तर दाखवा मला," असं ते म्हणत. एकदा गल्लीतल्या मयताला जमलेल्या मंडळींनाही त्यांनी हे सांगितलं होतं, आणि त्यानंतर मामींनी त्यांना मयताला एकटं पाठवणं बंद केलं.

कारखान्यात मामांच्या हाताखाली हजारो बाटल्या असत. वाइन प्यायला काढायच्या आधी तो गाळ बाहेर घालवावा लागतो. त्यासाठी भोकं पाडलेल्या फळीत बाटली मान खाली करून खोचतात आणि रोज थोडी थोडी फिरवतात. किती, तर वर्तुळाचा आठवा भाग. बुडावर पांढरी खूण केलेली असते, तिच्यावरून हिशेब राहतो. महिना-दोन महिन्यांत सगळा गाळ मानेत येऊन बुचावर बसतो, मग बूच उडवलं की वायूच्या जोरावर गाळ बाहेर आणि खाली स्वच्छ वाइन. मामांनी इतक्या बाटल्या आठवा भाग फिरवल्या होत्या की हाताला तो वळसाच लागून गेला. घरातली लोणच्याची बरणी, गॅसची टाकी, पाहुण्यापुढचा चहाचा कप, काहीही दिसलं की मामांचा हात जाई आणि ती वस्तू आठवा भाग फिरे. पाहुणे बशीतल्या कपाचा कान पकडायला जात तो कान पुढे सरकलेला असे. माझ्या लग्नात हळदीला मी पाटावर बसलो होतो, तेव्हा एक गृहस्थ शांतपणे आले, त्यांनी पाटाला हात घातला, मला पाटासकट थोडं उजवीकडे वळवलं आणि निघून गेले. मला वाटलं आमच्याकडे नसलेली एखादी रीत असेल. ते माझे मामेसासरे होते, आणि आमची ओळख ती तशी झाली.

त्याच साली मामा नोकरी सोडून कायमचे घरी आले. कारण एक फ्रेंच साहेब. कारखान्याने त्याला सल्ला द्यायला आणलं होतं. एकाच वेळी भरलेल्या बाटल्यांचा, मामांनी स्वत: निगा राखलेला एक घाणा, त्यातली बाटली त्यांनी साहेबापुढे मोठ्या उमेदीने उघडली आणि विचारलं, की हा गाळावर किती वर्षं ठेवावा. साहेबाने एक घोट घेतला, खांदे उडवले आणि तीन बोटं दाखवली. इथल्या उन्हात पिकलेल्या द्राक्षाला दम नसतो, तीन वर्षांत प्या, पुढे ही मरेल. साहेब वाईट माणूस नव्हता, त्याला जे वाटलं ते त्याने सांगितलं. पण मामांच्या ते इतकं जिव्हारी लागलं की पुढच्या महिन्यात त्यांनी राजीनामा दिला, त्या घाण्यातल्या दोन डझन बाटल्या गाळासकट रीतसर विकत घेतल्या, एकेक बाटली गोधडीच्या तुकड्यात गुंडाळली आणि भाड्याच्या जीपमधून सायकलींना पुढे जाऊ देत औरंगाबादेला आणल्या. बेत सरळ होता. वर्षाला एक बाटली उघडायची आणि काय आढळलं ते वहीत लिहायचं. तिसऱ्या वर्षानंतर प्रत्येक जिवंत बाटली म्हणजे साहेबाचं एकेक बोट खाली.

पहिली बाटली मात्र मामांनी उघडली नाही, ती आपली आपण उघडली. मे महिना होता, सिडकोतलं पत्र्याच्या पोटमाळ्याचं घर, आणि भर दुपारी माळ्यावर असा काही बार झाला की शेजारचे लोक रस्त्यावर आले. मामी खाली शेवया वाळत घालत होत्या. त्यांच्या शेवयांवर हिरव्या काचा आणि आंबूस पाणी पडलं. मामा धावत आले, वर गेले, खाली आले आणि म्हणाले, "तेवीस राहिल्या." मामी त्यांच्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत, आणि नवव्या दिवशी जे बोलल्या ते मामांनी मला कधी सांगितलं नाही.

उन्हाळ्यात चाळिशीच्या वर जाणाऱ्या या गावात गारवा आणायचा कुठून? मामांनी त्यावर जो उपाय काढला त्याने ते सिडकोत प्रसिद्ध झाले. आमच्या गावात नळाला पाणी चार-चार दिवसांनी येतं, त्यामुळे घरटी अंगणात जमिनीखाली हौद असतोच. मामांनी आपल्या हौदाच्या मधोमध भिंत घातली. एका बाजूला पाणी ठेवलं आणि दुसरी बाजू आतून दोनदा गिलावा करून ठणठणीत कोरडी केली. शेजारच्या पाण्याने भिंत कायम गार, वर झाकण, आत काळोख. तिथे वाळूवर तेवीस बाटल्या आडव्या झोपल्या. पाण्यासाठी जिथे माणसं पहाटे मोटारी लावून भांडतात तिथे अर्धा हौद कोरडा ठेवणारा माणूस वेडाच ठरणार. मी पाटबंधारे खात्यात नोकरीला, म्हणून मामी माझ्याकडे दाद मागत. "तुमी पाण्याचे साहेब ना? सांगा की ह्यांना. मान्साला पेयाला पानी नाय अन् त्या बयांना हौद!" मी मामांकडे बघे. मामा म्हणत, "पाणी चार दिसांनी येतंय. ह्या येकदाच आल्यात."

बाटल्या हलू नयेत याचं मामांना फार. अंगणातून धप्प धप्प चालायचं नाही, फाटक आपटायचं नाही, लहान पोरांनी दोरीवरच्या उड्या दुसऱ्याच्या अंगणात मारायच्या. एका उन्हाळ्यात पलीकडच्या देशमुखांनी बोअर घ्यायचं ठरवलं. मशीन येऊन उभं राहिलं तेव्हा मामा लेंगा-बनियनवर धावत गेले आणि हात जोडून म्हणाले, "देशमुखसाहेब, तेवढा खड्डा गल्लीच्या त्या टोकाला घ्या. आमच्या खाली गाळ बसलेला हाय." देशमुखांना वाटलं, हौद ढासळतोय. त्यांनी भल्या मनाने मशीन दुसऱ्या कोपऱ्यात नेलं. तिथे चारशे फुटांवरही पाणी लागलं नाही, आणि खरा प्रकार कळल्यावर देशमुखांनी दोन वर्षं मामांना दिवाळीचा फराळ पाठवला नाही. मामांना त्याचं वाईट वाटलं. पण बाटल्या हलल्या नाहीत याचा आनंद त्याहून मोठा होता, आणि तो त्यांना लपवता येत नसे.

बाटली उघडायचा दिवस पौषातला दुसरा रविवार. पौषात लग्न नाही, मुंज नाही, पाहुणा फिरकत नाही आणि हवा थंड, म्हणून. दोन महिने आधी एक बाटली हौदातून वर येऊन देवघराशेजारच्या फळीत मान खाली करून बसे, आणि मामा रोज अंघोळ झाली की आधी देवाला फूल वाहत आणि मग बाटली आठवा भाग फिरवत. त्या रविवारी दुपारी चारला मला बोलावणं असे. इतर नातेवाइकांपैकी काही पीत नव्हते आणि जे पीत त्यांना मामा बोलवत नसत. मी दोन्हींच्या मधला, म्हणजे दिलं तर नाही न म्हणणारा. मामा अंगणात जात, बाटली तिरपी धरत, अंगठ्याखाली बूच उडवत, गाळाचा फवारा कढीपत्त्याच्या झाडावर जाई, आणि ते झाड दर साली जास्त माजत असे. मग दोन ग्लास. आधी रंग बघायचा, मग बुडबुडे, मग वास. मामींनी त्या वेळी बाहेर यायचं नाही असा मामींचाच नियम होता. त्या स्वयंपाकघरात पदर नाकाला लावून बसत आणि सगळं आटोपल्यावर ग्लास धुवायला नेत, तेही दोन बोटांत धरून.

वहीच्या पहिल्या पानावर गावाचं नाव औरंगाबाद आहे आणि शेवटच्या पानावर छत्रपती संभाजीनगर. मधल्या सगळ्या पानांवर वाइन आहे. मामांनी वासाला फ्रेंच शब्द वापरले नाहीत. पहिल्या वर्षी लिहिलंय: कच्ची कैरी, लिंबाची साल, ओली पाटी पुसल्यावर येतो तो वास, बुडबुडे मोठे आणि भांडखोर. तिसऱ्या वर्षी कैरी तीच, पण पिकायला लागलेली. चौथ्या वर्षी, म्हणजे साहेबाच्या हिशेबाने वाइन मेल्यानंतर, बिस्किटाचा डबा उघडल्याचा वास आला आणि मामांनी त्या पानावर कुंकवाचं बोट लावलं. सातव्या-आठव्या वर्षी बुडबुडे बारीक झाले, बुडातून मुंग्यांच्या रांगेसारखे एकामागून एक वर यायला लागले, आणि मामांनी ग्लास नाकाशी नेला तो खाली ठेवलाच नाही. "नान," ते म्हणाले. "शहागंजच्या भट्टीतला. वरून हळद-गुळाचं पाणी फिरवेल, आत्ता काढेल. सुंगा, सुंगा!" मी सुंगलो. मला वाइनचा वास आला. मामा हसले आणि त्यांनी समजावलं, की नानातही खमीर आणि हिच्यातही खमीर, तेव्हा एकाच घरचा वास येणार. पुढे भाजलेले शेंगदाणे आले, मध आला, रंग गवताचा होता तो सोन्याचा झाला. चौदाव्या वर्षानंतर नान लागेनासा झाला. सतराव्याला खारीक आणि अक्रोड. फेस कमी कमी होत गेला. मामांना त्याचं दु:ख नव्हतं. "मान्सासारखंच की," ते म्हणत, "बडबड कमी झाली म्हंजे मेली न्हवं." खोटं मात्र वहीत एक अक्षर लिहायचं नाही असा त्यांचा दंडक होता. एका वर्षी बाटलीला ओल्या पोत्याचा वास आला, तर तेही त्यांनी तितक्याच सुंदर अक्षरात लिहून ठेवलं.

आणि मग ती तापाची साथ आली. मामा घरीच बरे झाले, पण त्या हिवाळ्यात मी एकदा अवचित गेलो, तर घरभर करपलेल्या दुधाचा वास भरलेला आणि मामा शेगडीपासून चार हातांवर पेपर वाचत बसलेले. मी धावत जाऊन गॅस बंद केला. मामांनी पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. सात महिने त्यांना कसलाच वास येत नव्हता आणि त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, येईल किंवा येणार नाही. चार बाटल्या उरल्या होत्या. दुसरा कुणी असता तर वास परत येईपर्यंत दम काढला असता, पण मामा म्हणाले, की वर्ष चुकलं तर वही कसली. पौषातला रविवार आला तेव्हा त्यांनी ग्लास माझ्या हातात दिला, स्वत: पेन उघडून बसले आणि म्हणाले, "औंदा तुमी सांगायचं, जावईबापू. जिती हाय का?"

माझं नाक म्हणजे तीस वर्षं सरकारी फायलींची धूळ खाल्लेलं नाक. मी वास घेतला, पुन्हा घेतला, ग्लास फिरवला, मामा करत तसे डोळे मिटले. काही कळलं तर शपथ. डोळे उघडले तर मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्या माणसाने आजवर कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं आणि आता ते एका वासासाठी माझ्यापुढे बसले होते. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माणूस करतो तेच मी केलं.

"नान," मी म्हणालो. "स्पष्ट येतोय, मामा. नान."

मामांनी पेन टेकवलं नाही. "नान सहा वर्षांमागं गेला," ते हळू आवाजात म्हणाले. "गेलेला वास परत येत नसतो. तुमी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं." मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं, वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या. इथवर चालली ते लई झालं. उरलेल्या तीन कढीपत्त्याला घालू." ते रागावले असते तर मला सोसलं असतं. ते मिटलेली वहीसुद्धा आठवा भाग फिरवत होते, ते बघवेना.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून मामींचा आवाज आला. "गेला कुठं? दर साली येतोय की नान."

आम्ही दोघंही वळलो. मामी दारात उभ्या होत्या, पदर नाकावर नव्हता. "भरल्या गलासात नाय कळत मला," त्या म्हणाल्या. "रिकामे गलास धुया नेते ना, तवा येतो. पानी लावायच्या आधी. बिस्कुटाच्या साली बारीक येत व्हता. मंग जोरात आला. तुमी नान गेला म्हनून तोंड पाडून बसले त्या साली मी इच्यार केला, हे कामून असं म्हनतेत? गलासात तर हाय."

"मग आजवर बोलली का नाय तू?" मामांनी विचारलं.

"इच्यारलं कोन?" मामी म्हणाल्या.

पुढे जे झालं ते मी विसरणार नाही. मामांनी माझा ग्लास घाईघाईने माझ्याकडून संपवून घेतला, स्वत:चा कढीपत्त्याला ओतला आणि रिकामा ग्लास मामींच्या हातात दिला. मामींनी तो नाकाशी धरला, आमच्या दोघांसारखे डोळेबिळे काही न मिटता, भाजी पारखावी तसा. "नान हाय," त्या म्हणाल्या. "पण शिळा. तव्यावर गरम केलेला. अन् मागं खारकेचं दूध." मामांनी वही उघडली आणि लिहिलं. मग त्यांनी पहिलं पान काढलं आणि मामींना विचारलं, "ह्या साली?" मामींना सगळं आठवत होतं. त्यांना वर्षांचे आकडे ठाऊक नव्हते, पण धाकट्या लेकीच्या बाळंतपणाच्या साली डिंकाच्या लाडवाचा वास होता, सोयगावच्या आत्या वारल्या त्या साली मधाचा, आणि देशमुखांनी फराळ नाही पाठवला त्या साली भाजक्या शेंगदाण्याचा. मामांनी प्रत्येक पानावर पट्टीने उभी रेघ मारली, वर 'रिकामा ग्लास' असं लिहिलं आणि एकोणीस वर्षांच्या नोंदी दिवेलागणीपर्यंत भरून काढल्या. शास्त्रज्ञ म्हणून ते चांगलेच खट्टू झाले होते. "अर्धीच नोंद झाली की माझी," असं ते पुन:पुन्हा म्हणत होते. पण मामींकडे ते ज्या नजरेने बघत होते, तशी नजर मी त्यांची तोवर फक्त हौदाचं झाकण उघडताना पाहिली होती.

त्यानंतरचे दोन पौष त्या घरात वाइनपेक्षा वादाला रंग चढला. मामा पेन घेऊन बसत, मामी रिकामा ग्लास घेऊन उभ्या राहत. "खारीक म्हंजे ओली का सुकी?" "खारीक सुकीच असती." "अक्रोड न्हाई का येत?" "मी अक्रोड कवा खाल्ला? तुमी आनला का कधी?" पुढच्या पौषाच्या आधी मामांनी शहागंजातून पाव किलो अक्रोड आणून मामींना खिलवले, केवळ शब्द कमी पडू नये म्हणून. मामांचं नाक काही परत आलं नाही. पण बाविसावी बाटली उघडल्यावर त्यांनी ग्लास कानाशी धरला आणि बराच वेळ ऐकत राहिले. "तीन-चार हायेत अजून," ते म्हणाले. बुडबुडे.

त्या पावसाळ्यात मामा गेले. काही मोठं आजारपण नाही. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. वय झालं होतं, हाल झाले नाहीत, सगळे हेच म्हणत होते आणि ते खरंही होतं. मयताला जमलेल्या मंडळींत मी बसलो होतो तेव्हा मला खमिराची गोष्ट आठवली आणि मला रडू आलं.

कार्तिकात मामींचा फोन आला. "हौदात उतरता येत नाय मला. तेवढी येक वर काढून द्या." मी खाली उतरलो. एवढ्या मोठ्या कोरड्या हौदात वाळूवर एकच बाटली आडवी होती, आणि बाकीच्यांच्या जागी वाळूत खोलगट खुणा. ती मी वर दिली. मामींनी बुडावरची पांढरी खूण पुसट झाली होती ती चुन्याच्या बोटाने ठळक केली आणि बाटली फळीत खोचली. पुढे दोन महिने त्या रोज अंघोळ झाली की फूल वाहत होत्या आणि बाटली फिरवत होत्या, हे मला बायकोकडून कळत होतं. हौदाचं काय करायचं, असं मी विचारलं. "भिंत पाडा अन् पानी घ्या," त्या म्हणाल्या. आठवड्यात गवंडी येऊन गेला आणि पुढच्या नळाला तो हौद तेवीस वर्षांत पहिल्यांदा पुरता भरला.

पौषातल्या दुसऱ्या रविवारी चार वाजता मी गेलो. बूच मी काढलं. बार नाही, फवारा नाही. झाकण डब्यावरून निघावं तसं ते निघालं आणि गाळ आपसूक कढीपत्त्याच्या बुडाशी पडला. दोन ग्लास भरले. रंग बिनदुधाच्या चहाचा. बुडबुडा एकही नाही. मी कानाशीही धरून बघितला. मामी या वेळी बाहेर येऊन बसल्या होत्या, मामांच्या खुर्चीत नव्हे, शेजारच्या वेताच्या मोड्यावर. त्यांनी भरला ग्लास हुंगला आणि परत ठेवला. मी घोट घेतला. पाण्यासारखी चव, थोडीशी आंबट, मागे काही नाही.

"काय लिहू?" मी विचारलं. मला काय लिहावंसं वाटत होतं हे त्यांना माहीत होतं.

"खरं ते लिहा," मामी म्हणाल्या. "ह्यांनी पोतंसुदिक लिहिलं व्हतं."

मी लिहिलं: फेस नाही. वास नाही. तेविसाव्या वर्षी गेली. साहेबाच्या तीन बोटांवर मामांनी वीस वर्षं काढली होती, तेही खाली लिहावं असं मनात आलं, पण वहीत तसलं काही लिहायची पद्धत नव्हती. मी माझा ग्लास संपवला, त्यांचा कढीपत्त्याला ओतला. मामींनी दोन्ही ग्लास उचलले, या वेळी सगळ्या हाताने, आणि आत गेल्या. मी टोपण लावलेलं पेन हातात धरून नळाचा आवाज येण्याची वाट बघत होतो. तो येईना.

"जावईबापू," आतून हाक आली. "वही आना."

मी गेलो. मामी मोरीपाशी ग्लास नाकाशी धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात काढला नाही, वास निसटेल म्हणून.

"लिहा," त्या म्हणाल्या. "रिकाम्याच्या खान्यात. नान. शहागंजचा. जरासा करपेल."

मी ओट्यावर वही ठेवून लिहिलं, 'जरासा करपलेला'. दुसरा ग्लास त्यांनी नेहमीप्रमाणे दोनदा साबण लावून धुतला आणि पालथा घातला. हा त्यांनी तसाच फडताळात, अक्रोडाच्या डब्याशेजारी ठेवला. "उंद्या धुते," त्या म्हणाल्या. त्याला आता पाच महिने झाले. मी अधूनमधून जातो, हौद भरलाय का बघतो, मामी चहा देतात. फडताळ उघडं असलं तर ग्लास दिसतो. परवा तो किंचित उजवीकडे वळलेला वाटला.